एका घराला एक ईमेल

अकरा मार्च. कळंबला भासऱ्यांच्या अंगणात तुरीची डाळ निवडायची होती. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचं साक्षगंध होतं, इतरत्र ज्याला साखरपुडा म्हणतात ते. स्वयंपाकाला आचारी ठरवला होता, पण आचारी डाळ निवडत नाही. ते काम घरच्या बायांचं, कारण घरच्या बाया त्याचे वेगळे पैसे लावत नाहीत. मोठ्या जाऊबाई, नेरहून आलेली नणंद आणि मी अशा तिघी ताटं घेऊन बसलो होतो. भासरे ओसरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर मोबाइल बघत होते. डाळीत खडे फार नव्हते. गप्पा भरपूर होत्या आणि त्या बहुतेक नवऱ्यामुलाच्या नोकरीबद्दल होत्या, कारण ती नेमकी कशाची आहे हे कोणालाच नीट सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला आणि मला डाळीतून उठावं लागलं. का उठावं लागलं ते समजायला आधीचं थोडं सांगते.

मी राळेगाव तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. आमच्यातून वरच्या जागेवर, म्हणजे मुख्यसेविका म्हणून जायचं असेल तर पदवी लागते आणि वयाची अटही असते. माझं बी.ए. लग्नामुळे शेवटच्या वर्षावर अडकलं होतं. पुढच्या वर्षी मी वयाच्या अटीबाहेर जाणार होते. म्हणजे पदवी या वर्षी मिळाली तर कामाची, पुढच्या वर्षी मिळाली तर भिंतीची शोभा. म्हणून यवतमाळच्या एका महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला नाव घातलं आणि जमेल तसं जाऊ लागले.

एक विषय गृहअर्थशास्त्र घेतला. इतकी वर्षं जे फुकट केलं त्याचे निदान मार्क तरी मिळावेत, असा हिशोब होता. तो चुकला. पुस्तकातलं घर वेगळंच निघालं. त्यात स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी असते आणि गृहिणी कामाला लागण्यापूर्वी बसून विचार करते. 'वेळेचे व्यवस्थापन' असं एक अख्खं प्रकरण होतं. ते वाचायला मला महिनाभर वेळ मिळाला नाही.

माझी मुलगी यवतमाळलाच बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलला राहते. आई कॉलेजात आली याचा तिला आनंद झाला आणि लाजही वाटली. दोन्हींचा निचरा तिनं एकाच कामात केला. मला शिस्त लावायचं काम. एका रविवारी ती गावी आली, माझा मोबाइल मागून घेतला आणि म्हणाली, "मम्मी, तू ऑर्गनाइज्ड नाहीस."

त्या वेळी माझ्या तव्यावर भाकर होती, दुसऱ्या चुलीवर कढी उतू जायच्या बेतात होती आणि दारात उभ्या असलेल्या बाईला मी तिच्या बाळाच्या लशीचा दिवस सांगत होते. कढी उतू गेली नाही, भाकर करपली नाही आणि बाळाला लस वेळेवर मिळाली. पण मी ऑर्गनाइज्ड नव्हते, कारण यातलं काहीच मोबाइलमध्ये नव्हतं.

मग तिनं ते घातलं. आधी कॅलेंडर. त्यात अभ्यास हिरवा, अंगणवाडी पिवळी, परीक्षा लाल आणि 'स्वतःसाठी वेळ' जांभळा. जांभळा तास रविवारी संध्याकाळी होता. त्या तासात मी दर रविवारी किराणा आणला. मग कामांची यादी. काम झालं की चौकोनात टिचकी मारायची, की ते काम खोडलं जाऊन बारीकसा आवाज येतो. त्या आवाजानं म्हणे माणसाला समाधान मिळतं. मुलीची स्वतःची यादी मी बघितली. पहिलं काम होतं 'यादी बनवणे', आणि ते झालेलं होतं. बाकीची कामं मागल्या सेमिस्टरची होती.

मग एक झाडाचं ॲप. मोबाइलला हात न लावता अभ्यास केला की त्यात झाड उगवतं, मधेच हात लावला की मरतं. मोबाइलला हात लावू नये म्हणून मोबाइल विकत घेणारी पिढी मी प्रथमच बघत होते. मुलीनं एका परीक्षेच्या काळात त्यात जंगल उभं केलं. त्याच काळात होस्टेलच्या खिडकीतली तिची तुळस वाळली.

माझ्या नोट्सचे फोटो काढून तिनं ते वरती ठेवले. वरती म्हणजे क्लाउडमध्ये. "कुठूनही उघडता येतं, मम्मी," असं ती म्हणाली. कुठूनही म्हणजे आमच्या गावात पाण्याच्या टाकीच्या जिन्यावरून, तिसऱ्या पायरीपासून पुढे, कारण रेंज तिथंच लागते. 'पोषक आहाराची तत्त्वे' मी त्या जिन्यावर उभी राहून वाचली. खालून जाणाऱ्या बायांना वाटलं, पाणी सोडणार आहेत. दोघी गुंड-कळश्या घेऊन आल्या.

शेवटी तिनं मोबाइललाच विचारलं की नोकरी करणाऱ्या विद्यार्थिनीनं वेळापत्रक कसं आखावं. मोबाइलनं लगेच लिहून दिलं. सकाळी उठल्यावर दहा मिनिटं ध्यान, मग जवळच्या उद्यानात फेरी, मग फळांचा हलका नाश्ता. त्यानं मला मूल आहे का, म्हैस आहे का, हे विचारलं नाही. शेवटी मात्र 'तुम्ही हे करू शकता' असं लिहिलं होतं. उद्यानाची सोय सोडली तर तो माणूस बरा वाटला.

या सगळ्याचा एक नियम होता. जे लिहायचं ते एकाच ठिकाणी. दोन ठिकाणी लिहिलं की गोंधळ होतो. म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर, ज्यावर मी दुधापासून लसीकरणापर्यंत सगळं पेन्सिलीनं लिहायची, ते बंद. मुलीनं ते खिळ्यावरून काढलंही. खिळ्यावर मग नवऱ्यानं टोपी टांगली.

आता ईमेलचं सांगते, कारण सगळं तिथंच आहे.

आमच्या घरात पहिला मोठा मोबाइल आला तेव्हा दुकानदारानं ईमेल मागितला. कोणाकडेच नव्हता. तेव्हा शेती एकत्र होती आणि भासरे कर्ते होते, म्हणून दुकानदारानं त्यांच्या नावानं एक काढून दिला. पासवर्ड आमच्या गाईचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. त्यानंतर घरात जो जो मोबाइल आला त्यात तोच ईमेल घातला गेला. ईमेल म्हणजे रेशनकार्डासारखं काहीतरी, एका घराला एक, अशीच सगळ्यांची समजूत होती. दुकानदाराचीही असावी. पुढे भाऊ वेगळे झाले. भासऱ्यांनी कळंबला खत-बियाण्यांचं दुकान टाकलं. शेताच्या वाटण्या झाल्या, भांड्यांच्या झाल्या, ईमेलची कोणी केली नाही. नणंद लग्न होऊन नेरला गेली ती आंदणात तोच ईमेल घेऊन गेली.

मुलीनं माझं कॅलेंडर त्याच ईमेलवर चढवलं. "आहे ना एक, चालतो," म्हणाली. विज्ञान शाखेची आहे.

पहिल्या सोमवारी पहाटे माझ्या अभ्यासाची घंटा वाजली. तीच घंटा कळंबला वाजली आणि नेरलाही वाजली. सकाळी भासऱ्यांचा नवऱ्याला फोन आला. काहून वाजून राह्यलं हे, दुकानात चोर घुसला का म्हणून मी काठी घेऊन उठलो, असं ते म्हणत होते. नणंदेनं मला फोन करून विचारलं की 'ग्राहकांचे हक्क' पहाटे वाचल्यानं जास्त मिळतात काय. दिवसातून चार वेळा 'पाणी प्या' अशी आठवण येई. भासरे ती आली की खरंच उठून पाणी पीत. जाऊबाईंनी सांगितलं की त्यांचा बद्धकोष्ठ गेला. माझ्या शिक्षणाचा घरात झालेला हा पहिला उपयोग.

मुलीनं आठवणींच्या घंटा बंद करून दिल्या, नवी नोंद आली की वाजायचं तेवढं ठेवलं. पण कॅलेंडर तसंच राहिलं, कारण तोवर ते भासऱ्यांना आवडलं होतं.

आमच्याकडे भासरा आणि भावसून एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण असतं असं नाही, रीत आहे. मी त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेते आणि ते माझ्या डावीकडे किंवा उजवीकडे बघतात. लग्न झाल्यापासून त्यांनी मला जे काही सांगितलं ते सासूला, नवऱ्याला किंवा मुलीला सांगितलं, आणि कोणीच नसलं तर दाराला सांगितलं. "बाहेर पापड वाळून राह्यले, आभाळ आलं," असं दाराला सांगायचं. मी दाराच्या आडून ऐकून पापड उचलायचे. इतक्या वर्षांत आमचं कधी काही अडलं नाही.

कॅलेंडरनं त्यांना दार उघडून दिलं. मी कधी अंगणवाडीत, कधी यवतमाळला, कधी जांभळी, हे त्यांना खुर्चीत बसून दिसू लागलं. मग ते त्यात स्वतःचंही घालू लागले. टाइप करता येत नव्हतं म्हणून मोबाइलपुढे मोठ्यानं बोलत. 'मंगळवार. बाभूळगाव. पोरगा पाह्यले जाणे.' हे आम्हा सगळ्यांच्या मोबाइलवर उमटे. मग त्यांना सरकवणं सापडलं. एखादी नोंद बोटानं धरून दुसऱ्या दिवसावर नेली की ती तिथं जाऊन बसते. नणंदेची दाढ काढायची तारीख त्यांच्या खताच्या गाडीवर येत होती, आणि गाडी खाली करायला नणंदेचा नवरा लागायचा. त्यांनी दाढ दोन दिवस पुढे नेली. नणंदेनं दोन दिवस जास्त सोसलं. आमच्या म्हशीच्या डॉक्टरला त्यांनी शुक्रवारावरून रविवारी नेलं. नवऱ्यानं डॉक्टरला फोन करून रविवारी बोलावलं, तो आला. जे जे त्यांनी सरकवलं ते खरंच सरकलं. घरातला मोठा माणूस तारीख देतो आणि बाकीचे ती पाळतात, हे आमच्याकडे आधीपासूनच होतं. फक्त आता त्यासाठी तोंड उघडायला लागत नव्हतं.

मी हसत होते. सगळ्यांत जास्त मीच हसत होते.

फेब्रुवारीत साक्षगंधाची तारीख ठरली. बारा मार्च. भासऱ्यांनी ती मोबाइलला ओरडून सांगितली. माझी गृहअर्थशास्त्राची तोंडी परीक्षा मार्चमध्ये कधीतरी होणार, एवढंच कॉलेजनं कळवलं होतं. नक्की तारीख ग्रुपवर येणार होती.

कॉलेजचे ग्रुप हा वेगळाच प्रकार. एक वर्गाचा, ज्यात सर आहेत. एक वर्गाचा, ज्यात सर नाहीत. एक विषयाचा. एक 'फक्त सूचना' नावाचा, ज्यात सूचना सोडून सगळं येतं. सूचना आली की तिच्याखाली साठ जण 'ओके सर' लिहितात, मग कोणाचा तरी वाढदिवस निघतो, मग सरांच्या नव्या गाडीचं अभिनंदन. सूचना खाली जात जात तळाला बसते. तारखेची सूचना आली त्या दिवशी मी मुलांची वजनं घेत होते. मुलीची एक मैत्रीण माझ्या वर्गात आहे, तिच्याकडून मुलीला कळलं. तिनं होस्टेलमधूनच तारीख कॅलेंडरमध्ये घातली आणि मला फोनवर सांगितलं, "टाकली आहे, मम्मी, बघून घे. लाल आहे."

मी रात्री बघितलं. लाल पट्टी चौदा मार्चवर होती. बाराला साक्षगंध, चौदाला तोंडी. मधे एक दिवस उजळणीला. बरं जमलं, असं मला वाटलं.

तर त्या अकरा मार्चच्या दुपारी, डाळ निवडताना माझा मोबाइल वाजला. माझ्या वर्गातली मुलगी होती. माझ्या मुलीएवढीच, मला काकू म्हणणारी.

"काकू, उद्या येताना टाचण्यांची डबी आणता का? माह्या चार्टले लागते."

उद्या काय आहे, असं मी विचारलं. ती हसली.

"तोंडी आहे ना वो काकू. माह्यानंतर तुमचाच नंबर आहे."

मी म्हटलं, चौदाला आहे. ती म्हणाली, नाही, बाराला. बाहेरचे सर अमरावतीहून येणार, ते एकच दिवस येणार, आणि जो आला नाही त्याच्यापुढे गैरहजर लागणार. तोंडीत गैरहजर म्हणजे विषयात नापास. माझ्यापुरता याचा अर्थ असा की पदवी पुढच्या वर्षी, आणि मुख्यसेविका कधीच नाही.

मी ताट बाजूला ठेवलं आणि आत गेले. मुलगी साक्षगंधासाठी आलीच होती, दोन्ही हातांना मेंदी लावून बसली होती. मी मोबाइल तिच्या तोंडापुढे धरला. तिनं नाकानं पडदा सरकवत सरकवत 'फक्त सूचना'मधली सूचना शोधून काढली. दोन वाढदिवस आणि एका गाडीच्या खाली ती होती. बारा मार्च, सकाळी दहा. मग तिनं कॅलेंडर उघडलं. चौदा.

मी बाराच टाकली होती, असं ती म्हणाली. शपथ घ्यायला लागली. मी म्हटलं, शपथ राहू दे, कोणी बदलली ते बघ. ते दिसत नाही, असं तिनं सांगितलं, कारण मोबाइलच्या दृष्टीनं आम्ही सगळे एकच माणूस आहोत. मग ती दारात जाऊन, मेंदीचे हात वर धरून, मोठ्यानं म्हणाली, "मम्मीची परीक्षा कोणी बदलली?"

अंगणात डाळीचा आवाज थांबला. ओसरीतून भासरे म्हणाले, "मीच सरकवली."

ते माझ्या मुलीकडे बघत होते. आवाजात कसलाच अपराध नव्हता. एखाद्यानं गाडी सावलीत लावली म्हणून सांगावं तसं ते सांगत होते.

"तुह्या मम्मीले सांग, बारा तारखेले घरात कार्य आहे. दोन्ही एकाच दिवशी दिसून राह्यलं होतं. म्हणून परीक्षा चौदाले नेली. चौदाले काहीच नाही, मी पाह्यलं."

"मोठे बाबा, तसं नसते होत. कॉलेजची तारीख आपल्या मोबाइलमधून नाही बदलत."

"काहून नाही बदलत? बोटानं धरली, सरकवली, सरकली. मोबाइलनं काहीच म्हटलं नाही."

मुलगी त्यांना समजावायला लागली की हे कॅलेंडर फक्त आपल्यापुरतं आहे, ते कॉलेजला जोडलेलं नसतं. त्यांना ते पटेना. कळंबहून सरकवलेली दाढ नेरला सरकते, तर यवतमाळ त्यापेक्षा जवळ आहे. सराच्या मोबाइलमध्ये गेलं असेल, त्यानं पाहिलं नसेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग त्यांनी सरांचा नंबर मागितला. सर कळंबकडचा असला तर ओळखीचा निघेल, आणि नसला तरी त्याला सांगू की घरात कार्य आहे. त्यांनी माझं वाईट चिंतलं नव्हतं. उलट त्यांनी माझी सोय केली होती, आणि सोय केल्यावर मला विचारायचं काही उरतं असं त्यांना वाटलं नव्हतं.

जाऊबाईंना वेगळीच काळजी. "माय वं, मंग उद्या पोरीची ओटी कोण भरन? काकूच नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतीन?"

नणंद म्हणाली, "मी काय इथं डाळ निवडायलेच आली काय? मी भरन ना ओटी."

तेवढ्यात नवरा भाड्याच्या खुर्च्यांचा टेम्पो घेऊन आला. त्याला सगळं सांगण्यात आलं. त्यानं भावाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खुर्च्या उतरवणं फार निकडीचं आहे असं त्याच्या लक्षात आलं. "पाहा बा तुम्ही," असं म्हणून तो टेम्पोमागे गेला. तिथून बराच वेळ फक्त खुर्च्यांचा आवाज येत होता.

मुलगी अजून मधे उभी होती. भासरे तिला सांगायचे, ती माझ्याकडे वळायची. मी तिला सांगायचे, ती तिकडे वळायची. असं दोनदा झालं आणि मला जाणवलं की माझ्या नोकरीचा निकाल ज्या रस्त्यानं चालला आहे त्याच रस्त्यानं आजवर पापड उचला म्हणून निरोप आले आहेत. मी ओसरीच्या पायरीशी जाऊन उभी राहिले. पदर डोक्यावर होता, तो तसाच ठेवला.

"भाऊजी," मी म्हटलं, "परीक्षा उद्याच आहे आणि ती सरकत नाही. मी सकाळच्या गाडीनं यवतमाळले जाते. ही परीक्षा गेली तर माही जागा गेली."

जाऊबाईंच्या हातातलं ताट कलंडलं. थोडी डाळ सांडली. भासऱ्यांनी माझ्या उजवीकडच्या खांबाकडे बघितलं. मग मुलीला म्हणाले, "तिले सांग, पाहुणे अकरा वाजता येतीन."

"मी इथंच आहे, भाऊजी. ऐकलं मी."

पुढे मी हेही सांगितलं की अकराचे पाहुणे बाराच्या आत येत नसतात, आले तर चहा घेतील, आणि माझा नंबर यादीत वर आहे, ओटी भरायच्या वेळेला मी हजर असेन. नसले तर नणंद समर्थ आहे. हे सगळं मी एका दमात बोलले आणि त्यांच्याकडे बघून बोलले. इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा समोरून असा नीट बघितला नव्हता. डाव्या भुवईवर एक जुनी खूण आहे. ती मला माहीत नव्हती.

ते पुन्हा मुलीकडेच वळले. "आवाज मोठा आहे तुह्या मम्मीचा," म्हणाले.

मग त्यांनी मोबाइल तोंडाजवळ धरला आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला सांगितलं, "बारा मार्च. धाकटीचा पेपर. यवतमाळ. बारा वाजायच्या आत वापस." माझ्या कमरेचा मोबाइल लगेच वाजला, नणंदेचा वाजला, टेम्पोमागे नवऱ्याचाही वाजला. परवानगी मला अजूनही मिळाली नव्हती, मोबाइलला मिळाली होती. पण ती मी मागितलीही नव्हती, त्यामुळे आम्ही दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो.

मी परत जाऊन उरलेली डाळ निवडली. अर्धं ताट टाकून उठले असते तर पुढची दहा वर्षं परीक्षेऐवजी त्या ताटाचीच गोष्ट झाली असती. जाऊबाईंनी सांडलेली डाळ वेचून ताटात घेतली. मग एकदम हळूच विचारलं, "भेव नाही लागलं काय वं?" मी म्हटलं, लागलं. त्या म्हणाल्या, त्या स्वतः भासऱ्यांशी रोज बोलतात, तरी त्यांना अजून लागते.

मुलीनं जेवणानंतर मला एक नवीन ॲप दाखवायचा प्रयत्न केला. उजळणीसाठी होतं, पत्त्यांसारखी पानं उलटत जायची. मी तिला म्हटलं, तू हात धू आणि पिशवीत फाइलबरोबर आणलेलं पुस्तक मला मोठ्यानं वाचून दाखव. ती वाचायला लागली. दोन प्रकरणं झाल्यावर म्हणाली, "हे तर तू रोजच करते, मम्मी." मी म्हटलं, पुढचं वाच.

बारा मार्चला सकाळी उठून अंघोळ केली आणि साक्षगंधाला नेसायची काठाची साडीच नेसून घेतली, म्हणजे परत आल्यावर बदलण्यात वेळ जायला नको. कळंबच्या स्टँडवर गाडी लागलेली होती. कॉलेजच्या व्हरांड्यात सगळ्या मुली पंजाबी ड्रेसवर आणि मी सोन्याच्या पोतीसकट. काकू, नवरी तुम्हीच काय, असं चार्टवाल्या मुलीनं विचारलं. तिला टाचण्यांची डबी दिली.

बाहेरचे सर वयानं माझ्याहून लहान होते. त्यांनी आधी साडीकडे बघितलं, मग माझ्या फाइलकडे, आणि विचारलं की कुटुंबाचं वेळापत्रक कोणाच्या सोयीनं आखावं. कुटुंबातील सर्व सदस्यांच्या सहमतीनं, असं मी सांगितलं. पुस्तकात तसंच आहे. त्यांनी मान हलवली आणि मार्क लिहिले. मी हजेरीच्या कागदावर सही केली, पेन परत दिला आणि पुढच्या मुलीला आत पाठवलं.